रक्त झाका, जात झाकू नका : अत्याचाराच्या बातमीचा इतिहास

गावात अत्याचार होतो. तासाभरात त्याचा व्हिडिओ आपल्या मोबाईलवर येतो. रक्ताने माखलेला चेहरा, फाटलेले कपडे, आजूबाजूला हसणाऱ्यांचे आवाज. आपण संतापतो आणि पुढच्या पाच ग्रुपवर पाठवतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात, 'दोन गटांत हाणामारी, एकाचा मृत्यू.' कोणते दोन गट? मारणारे कोण, मरणारा कोण, वाद कशावरून? काही नाही. म्हणजे मोबाईलवर सगळे शरीर दिसते आणि जात दिसत नाही. वर्तमानपत्रात शरीरही नाही आणि जातही नाही.

अशा वेळी एक चर्चा नेमाने सुरू होते. माध्यमांनी गुन्ह्याची भीषण दृश्ये दाखवावीत की त्यांवर मर्यादा असावी? एक बाजू म्हणते, लहान मुले पाहतात, मृताचा अपमान होतो, बंद करा. दुसरी बाजू म्हणते, दाखवले नाही तर जगाला कळणार कसे? आमच्या चळवळीतले बहुतेक कार्यकर्ते दुसऱ्या बाजूचे आहेत. बरीच वर्षे आम्हीही तसेच म्हणत होतो. पण इतिहास तपासला तर हा प्रश्नच अर्धवट विचारला जातो असे आमचे मत झाले आहे. दृश्य दाखवायचे की नाही, याआधी विचारले पाहिजे की ते दृश्य कुणी टिपले, कुणाच्या संमतीने पसरले आणि त्यासोबत काय सांगितले गेले.

पोस्टकार्डावरचे प्रेत

या प्रश्नाचा सगळ्यात उघडावाघडा इतिहास अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा आहे. तिथे गोऱ्या झुंडी काळ्या माणसाला ठार मारत, त्याला लिंचिंग म्हणत. हे चोरून होत नसे. फोटोग्राफर येत, प्रेताशेजारी उभ्या असलेल्या गर्दीचे फोटो काढत, त्यांची पोस्टकार्डे छापून विकत. लोक ती नातेवाइकांना पाठवत. मारणाऱ्यांना लाज नव्हती. तो फोटो त्यांच्यासाठी विजयाची निशाणी होता आणि काळ्यांसाठी धमकी.

1908 मध्ये अमेरिकन सरकारने टपाल कायद्यात दुरुस्ती करून अशी कार्डे टपालाने पाठवायला मनाई केली. लोक ती पाकिटात घालून पाठवू लागले. आणि खुद्द लिंचिंगविरुद्ध देशपातळीवरचा कायदा कधी झाला? 2022 मध्ये! चित्रावर बंदी यायला 1908 पुरले आणि कृत्यावर कायदा यायला आणखी 114 वर्षे लागली. सत्तेला दृश्य बंद करणे नेहमीच सोपे जाते, हे या दोन तारखांवरून लक्षात ठेवावे.

मग काळ्यांच्या पत्रकारांनी काय केले? आयडा बी. वेल्स ही गुलामीत जन्मलेली स्त्री मेम्फिसमध्ये वर्तमानपत्र चालवत होती. 1892 मध्ये तिच्या ओळखीच्या तीन काळ्या दुकानदारांना झुंडीने मारले. तिने त्याविरुद्ध लिहिले, तेव्हा तिच्या छापखान्याची मोडतोड झाली आणि तिला शहर सोडावे लागले. 1895 मध्ये तिने 'अ रेड रेकॉर्ड' हे पुस्तक काढले. त्यातले आकडे तिने गोऱ्यांच्याच 'शिकागो ट्रिब्यून'मधून घेतले, म्हणजे काळे लोक फुगवून सांगतात असे कुणाला म्हणता येऊ नये. कोण, कुठे, कोणत्या आरोपावरून मारला गेला, याची यादी तिने मांडली. 'काळे पुरुष गोऱ्या स्त्रियांवर अत्याचार करतात म्हणून हे होते' हा बचाव त्या यादीने कोसळला. तिचे हत्यार रक्ताचे वर्णन नव्हते, नोंद होती.

आता एक तारीख बघा. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्यानंतर सहा दिवसांनी, 15 मे रोजी, टेक्सासमधल्या वेको शहरात जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या काळ्या मुलाला हजारोंच्या गर्दीसमोर जाळले गेले. स्थानिक फोटोग्राफरने त्याचे फोटो काढून विकले. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या संपादनाखाली न्यूयॉर्कमधून निघणाऱ्या 'द क्रायसिस' मासिकाने जुलैच्या अंकासोबत वेकोवर स्वतंत्र पुरवणी काढली आणि मारणाऱ्यांचेच फोटो त्यात छापले. पण नुसते फोटो छापले नाहीत. आधी एलिझाबेथ फ्रीमन या कार्यकर्तीला वेकोला पाठवले, तिने चौकशी केली, आणि त्या चौकशीच्या आधारे मजकूर लिहिला. फोटो तोच, पण तो आता मारणाऱ्यांविरुद्धचा पुरावा झाला. याच डुबॉइस यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाविषयी विचारणा केली होती.

एका आईचा निर्णय

28 ऑगस्ट 1955. मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला गोऱ्यांनी पळवून नेऊन ठार केले आणि नदीत फेकले. प्रेत शिकागोला आले तेव्हा त्याची आई मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. हजारो लोकांनी तो चेहरा पाहिला. काळ्यांच्या 'जेट' साप्ताहिकाने फोटो छापला. गोऱ्यांच्या मोठ्या वर्तमानपत्रांनी बहुतेक ठिकाणी छापला नाही. सप्टेंबरमध्ये सर्व गोऱ्या ज्यूरीने साधारण तासाभरात आरोपींना निर्दोष सोडले. डिसेंबरमध्ये माँटगोमेरीचा बस बहिष्कार सुरू झाला. त्या पिढीतल्या अनेक कार्यकर्त्यांनी सांगून ठेवले आहे की त्या फोटोने त्यांना चळवळीत आणले.

दृश्य दाखवण्याच्या बाजूचे लोक हे उदाहरण हमखास देतात आणि ते बरोबरच आहे. पण त्यातला निर्णायक भाग वगळतात. तो निर्णय आईचा होता. कुणा संपादकाचा नव्हता, पोलिसाचा नव्हता, मारणाऱ्याचा तर नव्हताच. पेटी उघडायची की झाकायची याचा हक्क तिने आपल्या हातात घेतला. फोटो छापला तो तिच्या समाजाच्या साप्ताहिकाने. हे बाजूला काढले, तर उरते फक्त पोस्टकार्ड.

बाबासाहेबांची बातमी

आता आपल्याकडे या. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. म्हणजे आमच्या बाबतीत पहिला प्रश्न भीषण दृश्यांचा कधीच नव्हता. आम्ही बातमीतच नव्हतो. आमच्यावरचा अत्याचार बातमीत यावा म्हणूनच 'मूकनायक' आणि 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' काढावे लागले.

बाबासाहेब स्वतः अत्याचार कसा नोंदवत, हे आमच्या तरुणांनी बारकाईने वाचले पाहिजे. 1936 चे 'जातिप्रथेचे निर्मूलन' म्हणून आपण ज्याला ओळखतो ते 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' उघडा. त्यात ते एकामागून एक घटना ठेवतात. इंदूर भागातल्या बलाई समाजावर गावच्या सवर्णांनी लादलेले नियम : अमुक काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, मिळेल तो मोबदला मुकाट घ्यायचा. ही माहिती कुठून घेतली तेही ते सांगतात, 4 जानेवारी 1928 चा 'टाइम्स ऑफ इंडिया'. मग गुजरातमधले कविठा, जिथे मुलांना सरकारी शाळेत घालण्याचा आग्रह धरल्याबद्दल अस्पृश्यांना छळले गेले. मग जयपूर संस्थानातले चकवारा, जिथे अस्पृश्यांनी पंगतीत तूप वाढले म्हणून हल्ला झाला.

या सगळ्यात काय आहे? गाव आहे, काळ आहे, हल्ला करणाऱ्यांची जात आहे, हल्ल्याचे कारण आहे, बातमीचा आधार आहे. काय नाही? जखमांचे वर्णन नाही. वाचणारा हादरतो तो रक्ताने नाही, तुपाने! तूप खाल्ले म्हणून माणसाला मारतात, हे कळल्यावर त्याच्याकडे दुसरे स्पष्टीकरण उरत नाही. ना दारू, ना भांडण, ना 'दोन गट'. फक्त जात उरते. बाबासाहेब बातमी अशी मांडत की जात लपायला जागाच राहू नये.

कशाची लाज वाटते?

1972 साली पँथर उभी राहिली ती अशाच नोंदींच्या वातावरणात. इळयापेरुमल समितीचा अहवाल आला होता. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली होती, पुणे जिल्ह्यात बावड्याला बहिष्कार सुरू होता. 15 ऑगस्ट 1972 च्या 'साधना'च्या विशेषांकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख लिहिला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला जेवढी शिक्षा आहे, तेवढी दलित स्त्रीच्या विटंबनेला नाही, ही तुलना त्यांनी कडक भाषेत केली. महाराष्ट्रात वादळ उठले. कशावर? विटंबनेवर नव्हे, ढालेंच्या भाषेवर. जे गावात प्रत्यक्ष घडले त्याने सभ्यतेला धक्का बसला नाही, ते छापल्याने बसला.

म्हणून 'अभिरुची' आणि 'सभ्यता' या शब्दांविषयी आम्ही सावध असतो. 9 जानेवारी 2023 रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना काढली की प्रेते, रक्त, मारहाणीची जवळून घेतलेली दृश्ये दाखवू नका, ते सभ्यतेला धरून नाही. त्यात चुकीचे काही नाही, आम्हीही तेच म्हणतो. पण रक्त झाकले म्हणजे बातमी सभ्य झाली असे होत नाही. रक्तासोबत जात झाकली गेली तर फायदा मारणाऱ्याचाच.

पँथरनेच दुसरी वाटही दाखवली. 1974 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या धाकलीत दोन दलित भावांचे डोळे काढले गेले. पँथरच्या कार्यकर्त्यांनी त्या दोघांना पंतप्रधान इंदिरा गांधींसमोर नेले. अत्याचारग्रस्त माणूस स्वतः उभा राहिला आणि स्वतः बोलला. तो फोटोतली वस्तू नव्हता, फिर्यादी होता.

नाव कुणाचे झाकले गेले?

1972 मध्येच, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. देशभर आंदोलन झाले आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम 228अ आले : बलात्कारपीडितेची ओळख छापणे हा गुन्हा. विरोधाभास पाहा. ज्या आदिवासी मुलीच्या लढ्यातून हा कायदा आला, तो खटला आजही तिच्या नावानेच ओळखला जातो. आम्ही ते नाव इथे लिहीत नाही.

2012 मध्ये दिल्लीच्या घटनेत देशाने त्या तरुणीला दुसरे नाव दिले. 2020 मध्ये हाथरसच्या वाल्मीकी समाजातल्या मुलीचे नाव आणि फोटो मात्र घरोघर पोहोचले, आणि तिचे प्रेत पोलिसांनी रात्री घरच्यांच्या इच्छेविरुद्ध जाळले. शेवटचे दर्शन घेण्याचा आईचा हक्क हिरावला आणि पाहण्याची मुभा साऱ्या जगाला. मेमी टिलच्या नेमके उलट.

खैरलांजी

29 सप्टेंबर 2006. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातले चौघे, आई, मुलगी आणि दोन मुलगे, जमावाने ठार केले. त्याच दिवसांत शेजारच्या नागपुरात धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो लोक जमले होते. त्यांच्यापर्यंत ही बातमी पोहोचली नाही. जी पोहोचली ती 'अनैतिक संबंधातून गावकऱ्यांचा उद्रेक' अशा वळणाने. मोठ्या वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना जाग यायला जवळपास महिना लागला.

त्या महिन्यात मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले. पत्रकांवर, फलकांवर, सीडींवर. नोव्हेंबरमध्ये विदर्भ पेटला. ते फोटो फिरले नसते तर प्रकरण दडपले गेले असते, असे म्हणणाऱ्यांना आम्ही खोटे ठरवत नाही. लोक रस्त्यावर आले नसते, तर तपास सीबीआयकडे गेला नसता.

पण पुढे काय झाले? पहिल्या शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराची नीट तपासणीच झाली नव्हती, मृतदेह उकरून दुसऱ्यांदा तपासावे लागले. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. स्त्रियांच्या विटंबनेचा आरोपही टिकला नाही. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांची जन्मठेप दिली आणि हत्या सूडाच्या भावनेतून झाल्याचे धरले. सूड! साऱ्या महाराष्ट्राने ते मृतदेह पाहिले होते, आणि निकालात जात नव्हती.

इथे आम्हाला आमचीच चूक दिसते. फोटोत जखम दिसते, जात दिसत नाही. जात सिद्ध होते ती फिर्यादीतल्या शब्दांनी, पहिल्या चोवीस तासांतल्या पंचनाम्याने, साक्षीदाराने, जमिनीच्या आणि रस्त्याच्या जुन्या वादाच्या कागदांनी, आधी दिलेल्या तक्रारींनी. आम्ही फोटो वाटत होतो तेव्हा हे कागद गोळा करायला किती जण होते?

हल्लेखोराचा कॅमेरा

11 जुलै 2016 रोजी गुजरातमध्ये ऊनाजवळ मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. तो व्हिडिओ कुणी काढला? मारणाऱ्यांनीच. पसरवला कुणी? त्यांनीच. इतरांना धाक बसावा म्हणून. हे शंभर वर्षांनंतरचे पोस्टकार्डच होते. तो धाक उलटला, कारण लोकांनी मेलेली जनावरे उचलणे बंद केले, अहमदाबादहून ऊनापर्यंत मोर्चा नेला, जमीन मागितली. व्हिडिओ नव्हे, हे कृतीने झाले. त्यानंतर किती व्हिडिओ आले आणि गेले? आपण फक्त पुढे पाठवले. म्हणजे हल्लेखोराला जे हवे होते ते आपण फुकटात केले.

मग आपण काय करायचे?

माध्यमांनी मर्यादा पाळावी का? पाळावी. पण ती शरीराच्या दृश्यावर, जातीच्या उल्लेखावर नव्हे. चेहरा धूसर करा, पण 'दोन गट' लिहू नका. गुन्हा कोणत्या कलमांखाली नोंदवला, अ‍ॅट्रॉसिटी लावली की नाही, आरोपपत्र साठ दिवसांत गेले का, हे छापा. पहिल्या दिवशी रक्त आणि निकालाच्या दिवशी शांतता, ही पत्रकारिता नाही.

आणि आपल्यासाठी, मित्रांनो, आम्ही स्वतःवर घालून घेतलेले नियम सांगतो.

एक. मारणाऱ्याने काढलेला व्हिडिओ आपण पुढे पाठवत नाही. मूळ फाईल ज्या फोनमध्ये आहे तो फोन जपतो आणि ती फाईल वकिलामार्फत तपास अधिकाऱ्याकडे देतो. न्यायालयात मूळ फाईल आणि तिचे प्रमाणपत्र चालते. दहा वेळा फॉरवर्ड झालेली क्लिप आरोपीचा वकील पाच मिनिटांत उडवतो.

दोन. लैंगिक अत्याचारातल्या मुलीचे नाव, फोटो, गावातले घर, काहीही फलकावर टाकत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात स्पष्ट केले आहे की पीडिता मृत असली तरी ओळख उघड करता येत नाही, आणि घरच्यांना ती करायची असेल तरी निर्णय सत्र न्यायाधीशाचा. ज्या दिवशी आपल्या बॅनरवर गुन्हा दाखल होतो, त्या दिवशी चर्चा आरोपीवरून आपल्यावर येते.

तीन. इतर हत्यांमध्ये फोटो दाखवायचा की नाही, हे घरचे लोक ठरवतील. आपण आधी विचारायचे, मग छापायचे. दुःखाच्या पहिल्या दिवशी दिलेला होकार चौथ्या दिवशी पुन्हा विचारायचा. आई नको म्हणाली, तर विषय संपला.

चार. आपली पहिली पोस्ट बाबासाहेबांच्या पद्धतीची असेल : गाव, तालुका, तारीख, कारण, आरोपींची जात, पोलीस ठाणे, लावलेली आणि न लावलेली कलमे. 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढे दाखवणे गंभीर गुन्ह्यांत महत्त्वाचे ठरते. एका छोट्या गावात कोण कुणाच्या जातीचा हे माहीत नसते का? ते कागदावर आणणारा कार्यकर्ता पहिल्या दिवशी तिथे हवा. याच दुरुस्तीने खटल्याच्या कामकाजाचे चित्रीकरण करण्याची तरतूद आली आहे. कॅमेरा हवाच असेल, तर तो तिथे मागू या.

काही जण म्हणतील, एवढे सभ्य राहून संताप कसा पेटणार? आम्ही विचारतो, बलाईंच्या धोतराचा काठ वाचून तुम्हाला संताप येत नाही का? तूप वाढले म्हणून झालेल्या हल्ल्याने येत नाही का? नसेल येत, तर दोष आपल्या नजरेचा आहे. रोज रक्त पाहून ती बधिर झाली आहे. आणि मोबाईलवर तो व्हिडिओ पाहणाऱ्यांत आपल्याच वस्तीतली दहा वर्षांची पोरगी असते. तिला त्यातून कळते ते एवढेच, की आपल्यासारख्यांचे असे करता येते. तिला शिकवायचे ते हे नव्हे.

मेलेल्या माणसाचे शेवटचे चित्र मारणाऱ्याने काढलेले असू नये. तो शिकत होता, शेत कसत होता, रस्त्यासाठी भांडत होता, हे सांगणारे चित्र आपल्याकडे असते. ते लावा, आणि खाली जात, गाव, कलम ठळक अक्षरांत लिहा.

जय भीम!